खालच्या कडीचं कुलूप

ते कुलूप मी लावलं. कल्पना माझी, आठवडी बाजारातून विकत आणलं मी, किल्ली माझ्या पर्समध्ये. आई ओसरीवर नुसती उभी होती. हे आधीच सांगून टाकते, कारण सांगता सांगता माणूस स्वतःला थोडं थोडं सोडवत नेतो, आणि मला ते करायचं नाही.

ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून नुकताच वेगळा झाला होता आणि आमच्या शाळेच्या कागदांवर अजून जुन्याच जिल्ह्याचे शिक्के पडायचे. आलापल्लीला गावाच्या टोकाला, भामरागडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं घर. बाबा लाकूड डेपोत नोकरीला होते. सागाच्या ओंडक्यांना टेप लावून मापं घ्यायची आणि घणानं शिक्का मारायचा, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. निवृत्त होताना त्यांनी हे घर बांधलं. भिंती मातीच्या, वर कवेलू म्हणजे कौलं, पण दारं लिलावातल्या सागाची, जड आणि सरळ. दोन खोल्या आमच्या. तिसरी भाड्यानं देण्यासाठी, तिचं दार वेगळं, पण ओसरी एकच. प्रत्येक दाराला बाबांनी दोन कड्या बसवल्या होत्या, वर एक आणि खाली एक. खालची कोणी कधी वापरत नसे.

घर होऊन दोन वर्षांत बाबा गेले. मी तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, प्राथमिक शाळेत शिक्षिका. लग्न झालं नव्हतं आणि त्याबद्दल विचारणारेही हळूहळू कमी झाले होते. घरात आई आणि मी. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता.

ज्याच्या दाराला मी ते कुलूप लावलं, तो भाडेकरू आमच्याकडे आला बाबा गेल्यानंतरच्या हिवाळ्यात. पस्तिशीचा असेल. सडपातळ, डाव्या हाताची करंगळी वाकडी. वरोऱ्याच्या बाजूचा होता. घरी बायको आणि दोन मुली, थोडी कोरडवाहू जमीन. जंगलातल्या गावांमध्ये हातपंप बसवायचं काम एका ठेकेदारानं घेतलं होतं, त्याच्याकडे हा फिटर. पंधरा-पंधरा दिवस आत राहायचा, मग दोन-तीन दिवस खोलीवर येऊन झोपायचा, कपडे धुवायचा, परत जायचा. आला की ओसरीवर ग्रीसचा वास यायचा. लोखंडी पाने, चामड्याचे वायसर, दोरखंड, सगळं तो दाराशी ओळीनं लावून ठेवी. आईला मावशी म्हणायचा, मला बाई. मी त्याला भाऊ म्हणत असे.

पहिलं वर्षभर भाडं वेळेवर आलं. आम्ही कधी मागितलं नाही, त्यानं कधी आठवण करू दिली नाही. मग एका महिन्यात आलं नाही. दुसऱ्यात अर्धं आलं. नंतर बंद झालं.

"बिल अटकून आहे, बाई," तो म्हणाला. "ठेकेदार म्हणते, साहेबाची सही झाली का देतो. मी रोज इचारून राह्यलो."

खरं होतं ते. त्याच्यासोबतची दोन माणसं कंटाळून काम सोडून गेली होती. हा सोडत नव्हता, कारण सोडलं तर मागचं सगळं बुडालं असतं. पैशांच्या ऐवजी तो आमची कामं करू लागला. विहिरीचा रहाट नीट केला. बादल्यांना नवे कान लावले. आतून येताना चारोळी आणायचा, एकदा बाटलीभर मध आणला. आईनं बाटली घेतली, उजेडात धरून पाहिली, पाहता येत नव्हतं तरी पाहिली, आणि म्हणाली, "मधानं कवेलू येत नाई, भाऊ."

तो हसला. मग हसायचं थांबला.

भाडं थकलेल्या माणसाशी एका ओसरीवर राहणं फार वाईट. आधी मला त्याच्या खोलीतला आवाज ऐकूही येत नसे. आता प्रत्येक आवाज ऐकू येऊ लागला. स्टो पेटला की मी मनात म्हणे, रॉकेलला पैसे आहेत. मासळी तळल्याचा वास आला की वाटे, मासळीला आहेत. त्यानं नवीन टॉर्च घेतला तेव्हा मला दोन दिवस राग होता. जंगलात फिरणाऱ्या माणसाला टॉर्च लागतो, हे मला कळत नव्हतं असं नाही. तोही बदलला. ओसरीवरून चपला हातात घेऊन जाऊ लागला. आम्ही समोर असलो तर खाली पाहून पुढे निघायचा. एकदा मी शाळेतून लवकर आले तर तो विहिरीवर पाणी काढत होता. मला पाहिल्यावर भरलेली बादली तिथंच ठेवून आत गेला. मी ती बादली त्याच्या दाराशी नेऊन ठेवली असती तर काय झालं असतं? नाही ठेवली.

पावसाळा तोंडावर आला होता. भामरागडचा रस्ता एकदा पाण्याखाली गेला की महिनोन्महिने गावं तुटतात. त्याच्या आधी आतली कामं उरकायची म्हणून तो निघाला होता. मी त्याला ओसरीवर थांबवलं. आई आतल्या दाराशी होती.

"भाऊ, चार महिने झाले," मी म्हणाले. "आईचे डोळे दाखवाचे आहेत चंद्रपूरले. कवेलू फेरले नाई तं यंदा आढं बसते."

त्यानं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. "पोळ्याच्या आत देतो, बाई. कोनाचंही करून देतो."

"अन् नाई देल्लं तं?"

हे विचारायची गरज नव्हती. त्यानं आपल्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "तं खोली तुमचीच आहे." पिशवी उचलून रस्त्याला लागला. वरच्या कडीला त्याचं पितळी कुलूप होतं.

त्या वर्षी पाऊस लवकर आला आणि जोरात आला. रस्ता जूनमध्येच बंद झाला. आमच्या घरात पाच ठिकाणी भांडी ठेवावी लागत होती. आषाढ गेला, श्रावण गेला. त्याची चिठ्ठी नाही, निरोप नाही. निरोप येणार कसा, नदीपलीकडून कोणी येतच नव्हतं. पोळा झाला. गावात बैल सजवून फिरवले आणि मला फक्त एवढंच आठवलं, की पोळ्याच्या आत म्हणाला होता.

त्याच आठवड्यात बँकेतला एक कारकून खोली विचारायला आला. नवीन बदली होऊन आलेला, बायको सोबत, दोन महिन्यांचं भाडं आधी द्यायला तयार. आई म्हणाली, "त्याचं सामान आहे आत. तो आल्याबिगर कसं देणार?"

मी म्हणाले, "तो आला की गुपचूप येऊन दार उघडन, सामान घेईन अन् चालला जाईन. आपल्याले समजनार बी नाई. खालच्या कडीले आपलं कुलूप लावू. म्हंजे त्याले आपल्यासंग बोलाच लागन."

आई ओसरीच्या कडेला जाऊन उभी राहिली. मी बाजारातून कुलूप आणलं आणि लावलं. कडी गंजली होती, कोयंड्यात बसेना, मी दगडानं ठोकून बसवली.

बारा-तेरा दिवस गेले. तो रविवार होता. सकाळपासून झड होती ती दुपारी थांबली, आणि पाऊस थांबल्यावर होते तशी सगळीकडे शांतता झाली. जेवण करून आई पलंगावर पडली होती, मी खाली चटईवर. दार लोटलेलं होतं, कडी लावलेली नव्हती.

ओसरीवर पाय वाजले. ओले पाय, जड, थांबत थांबत येणारे. मला लगेच कळलं. किल्ल्यांचा आवाज आला. वरचं कुलूप उघडलं, ते मला स्पष्ट ऐकू आलं. मग दार ढकलल्याचा आवाज. मग खालची कडी वाजली. एकदा. थोडं थांबून पुन्हा. मग तो बहुतेक खाली वाकला, कारण कुलूप हातात धरून हलवल्यासारखा बारीक आवाज आला.

मी हलले नाही. मला आठवतं मी काय विचार करत होते. मी वाक्यं जुळवत होते. दार उघडल्यावर आधी काय बोलायचं, तो काय म्हणेल, मग मी काय म्हणायचं. त्याला जरा थांबू दे, असंही वाटलं. आम्ही इतके महिने थांबलो होतो, त्यानं पाच मिनिटं थांबावं.

"मावशी," तो म्हणाला. मोठ्यानं नाही. झोपलेल्या माणसाला उठवू नये म्हणून हाक मारावी तसं. एकदाच.

आईचा श्वास संथ चालला होता. मी चटईवरच पडून राहिले. बाहेर तो बसला असावा, भिंतीला काहीतरी टेकल्याचा आवाज आला. मग किती वेळ काहीच नाही. मग पाय वाजले, पायऱ्या उतरले, आणि गेले.

मी उठून बाहेर आले तोवर रस्ता रिकामा होता. ओसरीवर पाण्याचे डाग होते. वरच्या कडीत त्याचं पितळी कुलूप उघडं लटकत होतं, त्याला किल्ली तशीच. मला वाटलं, चौकात चहा प्यायला गेला असेल, येईल संध्याकाळी. मी बोलायची वाक्यं पुन्हा एकदा मनात जुळवून ठेवली.

संध्याकाळी आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाताना स्टँडजवळच्या चहावाल्या चाचांनी मला हाक मारली. चाचांचं दुकान बाबांच्या वेळेपासूनचं, बाबा डेपोतून सुटले की तिथं बसत.

"बाई, आपका पंपवाला गुजर गया," ते म्हणाले.

मी विचारलं, कुठं, कधी. चाचांनी सांगितलं ते असं. तो आठ दिवस तापानं आत पडून होता. डोंग्यातून नदी ओलांडली, मग जिथं रस्ता होता तिथं चालत, एका लाकडाच्या ट्रकवर बसून, आलापल्लीला पोचला. दुपारी चाचांच्या बाकावर येऊन बसला तेव्हा दात वाजत होते. पाणी मागितलं, पिऊ शकला नाही. चाचांनीच दोघांना हाताशी घेऊन त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, ताप डोक्यात चढला आहे, चंद्रपूरला न्या. जीप मिळाली. आष्टीच्या पुढे कुठंतरी तो गेला.

"उतना बुखार लेके बाकडे पे काऊन बैठा होगा?" चाचा म्हणाले. त्यांच्या हिंदीत आमचं काऊन असायचंच. "घर तो पास में था. घरपे कोई नहीं था क्या?"

"नाई," मी म्हणाले. "आम्ही घरी नोतो."

तोंडातून ते इतकं सहज गेलं की मलाच नवल वाटलं. शाळेत न जाता मी मागे फिरले. खालचं कुलूप काढलं, घरामागे नेऊन जुन्या कवेलूंच्या ढिगात टाकलं. आई ओसरीवर बसून होती. तिला दिसत नव्हतं मी काय करते आहे ते, पण कडीचा आवाज तिनं ऐकला. "काय झालं व?" तिनं विचारलं. मी सांगितलं, तो वारला. तिनं पदर डोक्यावरून ओढून घेतला. मग म्हणाली, "त्याच्या घरी कोन सांगन?"

ठेकेदाराच्या माणसानं सांगितलं. तीन आठवड्यांनी त्याची बायको आली, सोबत तिचा भाऊ. लहानखुरी बाई, पदर घट्ट खोचलेला. ती रडली नाही. मी दार उघडून दिलं. आत फार नव्हतं. एक वळकटी, स्टो, दोन भांडी, लोखंडी सामान, खुंटीवर एक सदरा. आणि भिंतीवर, वळकटीच्या वर, कोळशानं लिहिलेली गावांची नावं. एकाखाली एक.

"हे काय लिवलं आहे?" तिनं मला विचारलं. तिला वाचता येत नव्हतं आणि भाऊ बाहेर सामान बांधत होता.

मी वाचून दाखवलं. पेरमिली. ताडगाव. आणखी पंधरा-सोळा नावं, काही मी ऐकलीही नव्हती. पंप लागला त्या गावापुढे त्यानं आडवी रेघ मारली होती. शेवटच्या तीन नावांपुढे रेघ नव्हती. मी वाचत गेले आणि ती प्रत्येक नावाला मान हलवत गेली, जणू ओळखीच्या माणसांची नावं घेतली जात होती.

मग तिनं विचारलं, "बाई, ते त्या दिवशी घरापर्यंत आले होते का?"

"आले असतीन," मी म्हणाले. "आम्ही नोतो घरी. शाळेत कार्यक्रम होता. आईले घेऊन गेली होती मी."

रविवारी शाळेत कार्यक्रम. ती म्हणाली, "हो." आणि पदराच्या गाठीतून पैसे काढले. भाड्याचे.

आई म्हणाली, "नोको, माय. राहू दे."

"नाई, मावशी. त्याईच्यावर कोनाचं ठेवाचं नाई मले." तिनं पैसे आईच्या पुढ्यात जमिनीवर ठेवले. मावशी हा शब्द तिच्या तोंडून आला तेव्हा मी आत गेले. सामान स्टँडवर न्यायला आणलेल्या बैलगाडीपर्यंत ती गेली तेव्हाही मी आतच होते. आईनं पैसे घेतले. त्या पैशांनी आम्ही कवेलू फेरले.

कारकून आणि त्याची बायको दिवाळीनंतर राहायला आले. मी भिंत सारवून घेतली होती, पण कोळसा मातीतून पुन्हा वर येत असे. फेब्रुवारीत कारकुनाची बायको मला म्हणाली, "बाई, दुपारी कोण येतं हो? कडी वाजते. मी उघडते तर कोणी नसतं." ती अमरावतीची, शिकलेली मुलगी. मी म्हटलं, वारा असेल. उन्हाळ्याच्या आधी त्यांनी दुसरी खोली पाहिली. नळ जवळ आहे म्हणाले. त्यांच्यानंतर एक कंडक्टर राहिला, तो चार महिन्यांत गेला. त्यानं कारण सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मला ते आवाज पहिल्यापासून येत होते. दुपारी, तीन वाजायच्या सुमाराला, शाळेला सुटी असली की. लोखंडावर लोखंड, दोनदा. हाक मी कधी ऐकली नाही. फक्त हाक येईल म्हणून अंग आखडून मी बसून राहायचे. दुपारी आडवं पडणं मी सोडून दिलं. रविवारी मी वह्या घेऊन शाळेच्या ओट्यावर जाऊन बसू लागले. गावात लोक म्हणायचे, बाई फार मेहनती.

शेजारणीनं एकदा आईला सांगितलं, पुजाऱ्याला बोलवा, गावात जाणता माणूस आहे, कोंबडा कापून खोली मोकळी करून देईल. आई चिडली. बाबा तरुणपणी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. आमच्या घरात भूतखेत, अंगारे, धागे यांचं नाव निघालेलं त्यांना चालत नसे. "माह्या घरात असं काही नाई," आई म्हणाली. शेजारीण गेल्यावर मात्र ती त्या खोलीच्या दारापाशी जाऊन उभी राहिली. मी खिडकीतून पाहत होते. तिनं हातानं चाचपून खालची कडी शोधली आणि धरून उभी राहिली. कुठल्याही मंत्रावर विश्वास नसलेल्या घरात असं काही आलं तर ते घालवायचं कसं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

तीन-चार वर्षांनी आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन चंद्रपूरला झालं. परत आल्यावर तिला दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून पडून राहावं लागायचं. मी रजा घेतली होती. मार्च महिना, मोहाचा वास गावभर पसरलेला. दुपारी मी तिच्या उशाशी बसले होते. कडी वाजली.

आई म्हणाली, "बाहेर कोन आहे, पाह्य."

मी उठून दार उघडलं. ऊन होतं. रस्त्यावर काळं कुत्रं सावलीला बसलं होतं. बाकी कोणी नाही.

"कोनी नाई," मी म्हणाले.

"तुले ऐकू आलं ना पन?"

मी दार लोटून परत आले. ती पट्टीखाली डोळे मिटून होती, आणि मला तेव्हा जाणवलं की तिला माझं तोंड दिसत नव्हतं म्हणूनच ती पुढचं बोलू शकली.

"त्या दिवशी तू जागी होती ना?"

मी चटईवर बसले. "हो," मी म्हणाले. आणि मग, "तू?"

"मी बी जागी होती. मले वाटलं, तू उठशीन. कुलूप तुवं होतं."

"मले वाटलं तू झोपली आहेस."

"नाई," आई म्हणाली. "मावशी मले म्हनलं त्यानं. तुले नाई."

आम्ही दोघी एकमेकींच्या शेजारी पडलो होतो, हातभर अंतरावर, आणि दोघींनी झोपेचं सोंग घेतलं होतं. तिनं माझ्यासाठी, मी तिच्यासाठी. त्या एका दुपारी आम्ही एकमेकींपासूनच लपत होतो की त्याच्यापासून, हे मला आजही सांगता येणार नाही. आईनं पट्टीवर हात ठेवला. डॉक्टरांनी रडायचं नाही म्हणून बजावलं होतं. मी तिचा हात खाली घेतला आणि धरून ठेवला.

त्यानंतर मला वाटू लागलं, की जाऊन सांगून यावं. पुढच्या हिवाळ्यात मी वरोऱ्याला गेले. बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. तिथून दुसऱ्या एस.टी.नं गाव, मग थोडं चालत. घर शोधायला त्रास झाला नाही. ती अंगणात कापूस निवडत होती. मला तिनं लगेच ओळखलं. "आलापल्लीच्या बाई," ती म्हणाली आणि पोतं सरकवून बसायला जागा केली.

मी पाणीही न पिता सांगितलं. कुलूप, कडी, हाक. आम्ही घरी होतो हे. शाळेत कार्यक्रम नव्हता हे. मी सगळं एका दमात सांगितलं, जसं मी चार-पाच वर्षं मनात म्हणत आले होते.

तिचे हात थांबले नाहीत. बोंडातून ती कापूस काढत राहिली. मग म्हणाली, "हाक कशी मारली?"

"हळूच. ते एकदाच मावशी म्हनले."

"राग होता का आवाजात?"

"नाई."

तिनं काढलेला कापूस बाजूला ठेवला. "अन् तुम्ही हे आज काऊन सांगून राह्यल्या, बाई?"

मी पदराला चिकटलेला कापूस वेचू लागले.

"मी समजत होती, ते आले तवा घरी कोनी नोतं," ती म्हणाली. "त्याच्यात कोनाचं चुकलं नोतं. ताप होता, पानी होतं, नशीब होतं. मी तेवढ्यावर झोपत होती. आता रोज मी त्याईले तुमच्या दाराशी उभं पाहीन. भिंतीच्या तिकडून तुम्ही ऐकून राह्यल्या, हे बी पाहीन. हे मी कुठी नेऊन ठेवू?"

ती रागावली नव्हती. खरंच विचारत होती. मी माफी मागितली असावी, मला नक्की आठवत नाही. थोड्या वेळानं ती उठली, पदर झटकला आणि म्हणाली, "शेवटची गाडी चार वाजता आहे. सडकेपर्यंत येतो मी, इथले कुत्रे वाईट आहेत."

आम्ही कपाशीच्या बांधावरून, धुऱ्याधुऱ्यानं चालत गेलो, ती पुढे, मी मागे. सडकेवर ती माझ्यापासून थोडी लांब उभी राहिली. एस.टी. आली तेव्हा मी दांडा धरला, पण मला पाय उचलता येईना. तिनं माझी पिशवी घेऊन वर ठेवली आणि कंडक्टरला म्हणाली, "बाईले वरोऱ्याले नीट उतरवजा, भाऊ. त्याईची तब्बेत बरी नाई." गाडी सुटायच्या आधीच ती पाठ फिरवून धुऱ्यावर उतरली होती.

दुसऱ्या दिवशी मी घरी पोचले. आईला आता दिसत होतं, जाड चष्म्यातून. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि काय झालं ते विचारलं नाही. मी हातपाय धुतले. मग आपण होऊन सगळं सांगितलं, ती काय म्हणाली तेही, शब्दन् शब्द. आई तांदूळ निवडत होती. ऐकून झाल्यावर बराच वेळ सुपातला एकच दाणा इकडून तिकडे सरकवत राहिली.

"खोली आता कोनाले द्याची नाई," ती म्हणाली. मी मान हलवली.

मग तिनं विचारलं, "त्याच्या दोन पोरी होत्या ना? कशा आहेत? शाळेत जातात का?"

मी विचारलंच नव्हतं.